विश्लेषण : सलीम अलींना अखेरपर्यंत हुलकावणी देणारा रानपिंगळा खान्देशात कसा सापडला?

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो. त्याचा शेवटचा दिवस म्हणजे डॉ. सलीम अली यांची जयंती. नाशिककरांना त्यांचे नाव परिचित आहे ते नांदूर मध्यमेश्वरमुळे. मात्र नाशिक विभागातल्याच सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारा एक पक्षी त्यांना कधीच दिसला नाही. हा पक्षी कोणता आणि तो का सापडला नाही, याविषयी…

सलीम अली पक्ष्यांकडे कसे वळले?

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडील लहानपणीच गेले आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत (बीएनएचएस) गेले. तिथे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह त्यांच्यापुढे उघडला आणि आयुष्याची दिशा ठरली.

पदवी नव्हती, तरी संशोधक कसे झाले?

कॉलेज अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात कुटुंबाच्या व्यवसायात गेले. तो चालला नाही. परतल्यावर पदवीअभावी झूलॉजिकल सर्व्हेतील नोकरी हुकली. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात मार्गदर्शक-व्याख्यात्याचे काम मिळाले. पुढे बर्लिनला एर्विन श्ट्रेसेमान यांच्याकडे ते शिकले. पण १९३० मध्ये परत आले तेव्हा ती नोकरीही उरली नव्हती. मग पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तिथे घराशेजारी सुगरणींची वसाहत होती. नर एकापाठोपाठ एक घरटी विणतो आणि पसंत पडलेल्या घरट्यात मादी संसार थाटते, हे त्यांनी तासन् तास बसून नोंदवले. या अभ्यासाने त्यांचे नाव झाले. १९३९ मध्ये तेहमिना यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांनी स्वत:ला कामातच झोकून दिले. १९४१ मध्ये ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आले आणि डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा संदर्भग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला.

रानपिंगळ्याचे गूढ काय होते?

काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक असलेले ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये या छोट्या घुबडाचे वर्णन केले. खान्देशात अधिकारी असलेले जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोदा परिसरातून त्याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र तो कुणालाच सापडला नाही. साध्या पिंगळ्याशी त्याचे साम्य असल्याने गोंधळ वाढला. सत्तरच्या दशकात रिप्ली आणि अली यांनी घेतलेला शोधही निष्फळ ठरला.

शोध चुकला कुठे?

रिचर्ड माइनर्टझहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे हा पक्षी मिळवल्याची नोंद संग्रहात होती. अली १९३७ मध्ये याच माइनर्टझहागेनसोबत अफगाणिस्तानात पक्षी गोळा करायला गेले होते. पुढे उघड झाले, की तो नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, डेव्हिडसन यांच्याच संग्रहातला होता आणि त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही नोंद बाजूला ठेवली, खऱ्या नमुन्यांची ठिकाणे शोधली आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सहकाऱ्यांसह शहाद्याजवळ (तेव्हाचा धुळे, आताचा नंदुरबार जिल्हा) रानपिंगळा पाहिला. तब्बल ११३ वर्षांनी. सलीम अली २० जून १९८७ रोजी, दहा वर्षे आधीच, गेले होते.

आज स्थिती काय?

रानपिंगळा दिवसाही शिकार करतो. सरडे आणि उंदीर हे त्याचे खाद्य. घरट्यासाठी त्याला जुन्या झाडांच्या ढोल्या लागतात. म्हणजे सागाचे जुने जंगल तुटले की घरही जाते. शहादा-तळोद्यात अतिक्रमण आणि वृक्षतोड हाच मुख्य धोका आहे. पुढे तो मेळघाट आणि तानसा येथेही आढळला. आंतरराष्ट्रीय यादीत २०१८ मध्ये तो ‘अतिसंकटग्रस्त’ गटातून ‘संकटग्रस्त’ गटात आला. तो आता अधिक ठिकाणी सापडला आहे. पण धोका टळला, असा याचा अर्थ नाही.

नाशिकशी नाते काय?

गोदावरी-कादवा संगमावरील नांदूर मध्यमेश्वरला भेट दिल्यावर अलींनी त्याची तुलना भरतपूरशी केली, तेव्हापासून महाराष्ट्राचे भरतपूर ही त्याची ओळख झाली. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले, तर २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ. तिथले हिवाळी पाहुणे पाहायला गर्दी होते. सातपुड्यातल्या रानपिंगळ्याकडे मात्र तेवढे लक्ष जात नाही. नोंद खरी असेल आणि जंगल शिल्लक असेल, तर हरवलेला पक्षीही परत भेटतो, हे शहाद्याने दाखवले. यातली पहिली अट अभ्यासकांनी पूर्ण केली. दुसरी आपल्या हाती आहे.