मायबोलीचे भांडारी : कवी मिस्त्राल

फ्रान्सच्या दक्षिणेस रोन नदी समुद्राला मिळण्यापूर्वी जेथे दोन शाखांत फुटते, तेथे आर्ल नावाचे प्राचीन नगर वसले आहे. रोमन लोकांनी पहिल्या शतकात बांधलेले, सुमारे वीस हजार प्रेक्षक मावतील एवढे तेथील क्रीडागार आजही उभे आहे. दगडाची स्मारके शतकानुशतके टिकतात. पण घरातली बोली, पेहराव आणि सणवार कोणी जपायचे? या एका प्रश्नाला ज्यांनी सारे आयुष्य वाहिले, ते महाकवी फ्रेदेरिक मिस्त्राल.

त्यांचा जन्म ८ सप्टेंबर १८३० रोजी आर्लच्या उत्तरेस मायान या खेड्यात, एका सधन शेतकऱ्याच्या घरी झाला. घरात प्रोव्हाँसाल भाषा बोलली जाई. मध्ययुगात साऱ्या युरोपच्या दरबारांत गाजलेल्या काव्याची परंपरा या भाषेच्या कुळात होती. परंतु एकोणिसाव्या शतकापर्यंत राजदरबार, कचेरी व शाळा यांची भाषा फ्रेंच झाली आणि प्रोव्हाँसाल ही गड्यामाणसांची बोली ठरली. आव्हिन्यों येथील शाळेत मुले छोट्या फ्रेदेरिकच्या बोलण्याची टिंगल करीत. तेथेच त्यांना रूमानी नावाचे तरुण शिक्षक भेटले. आपल्या फ्रेंच कविता आईला समजत नाहीत, हे पाहून रूमानी यांनी आईच्याच बोलीत लिहावयास घेतले, असे सांगतात. गुरुशिष्यांचे सूर तत्काळ जुळले.

१८५१ साली मिस्त्राल एक्स येथून कायद्याची पदवी घेऊन परतले. वडिलांनी पुढचा मार्ग मुलाच्या मर्जीवर सोपविला. वकिलीची वाट सोडून त्यांनी निश्चय केला, तो आपल्या प्रांताचा स्वाभिमान जागा करण्याचा, त्यासाठी भाषेचा उद्धार करण्याचा आणि तो काव्याच्या द्वारे करण्याचा. २१ मे १८५४ रोजी सात तरुण कवींनी मिळून ‘फेलिब्रीज’ ही संस्था स्थापन केली. १८५९ मध्ये ‘मिरेयो’ हे त्यांचे काव्य प्रसिद्ध झाले. श्रीमंत शेतकऱ्याची मुलगी आणि बुरुडाचा मुलगा यांच्या प्रेमाची ही शोककथा. फ्रेंच भाषांतर त्यांनी स्वतःच सोबत छापले होते. ज्येष्ठ फ्रेंच कवी लामार्तीन यांनी तिचा मुक्तकंठाने गौरव केला, तर १८६४ मध्ये गूनो यांनी त्या कथेवर संगीतिका रचली. एवढी कीर्ती होऊनही मिस्त्राल पॅरिसला जाऊन राहिले नाहीत. मायान हेच अखेरपर्यंत त्यांचे घर राहिले.

पुढे त्यांनी शब्दकोशाचे काम हाती घेतले. शेतकरी, धनगर, कोळी, सुतार यांच्या तोंडचे शब्द, म्हणी, वनस्पतींची नावे त्यांनी वर्षानुवर्षे टिपली. १८७८ ते १८८६ या काळात त्याचे दोन प्रचंड खंड निघाले. याच सुमारास, १८८१-८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले, आणि त्या शाळांतून प्रोव्हाँसालला थारा नव्हता. कोश वाढत होता आणि मुलांच्या ओठांवरचे शब्द मात्र कमी होत होते.

मग त्यांचे लक्ष वस्तूंकडे वळले. १८९९ मध्ये आर्ल येथे त्यांनी लोकजीवनाचे संग्रहालय उघडले. १९०४ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक त्यांना स्पॅनिश नाटककार एचेगाराय यांच्यासह विभागून मिळाले. ती रक्कम त्यांनी संग्रहालयाच्या नव्या वास्तूसाठी खर्च केली. तेथे एक बाळंतिणीची खोली मांडली आहे. भेटीस आलेल्या स्त्रियांच्या हातांत मीठ, पाव, अंडे व आगकाडी आहे. बाळ मिठासारखे शहाणे, पावासारखे गुणी, अंड्यासारखे भरलेले आणि काडीसारखे सरळ व्हावे, हा त्यामागचा आशीर्वाद. नाताळच्या रात्रीचे पान मांडलेली दुसरी खोली आहे. वस्तूंवरील चिठ्ठ्या मिस्त्राल यांनी स्वतः लिहिल्या होत्या. तरुण मुलींनी आर्लचा पारंपरिक पेहराव सोडू नये, म्हणून १९०३ मध्ये त्यांनी मुलींचा एक उत्सवही सुरू केला.

१९०९ साली आर्लच्या चौकात त्यांच्याच उपस्थितीत त्यांचा पुतळा उभा राहिला. २५ मार्च १९१४ रोजी मायान येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या श्रमाचे फळ काय? संग्रहालय दीर्घ दुरुस्तीनंतर २०२१ मध्ये पुन्हा उघडले. पेहरावाचा उत्सव आर्लमध्ये दरवर्षी भरतो. १९३० पासून निवडल्या जाणाऱ्या ‘आर्लच्या राणी’ला प्रांताचा इतिहास व प्रोव्हाँसाल भाषा यांची परीक्षा द्यावी लागते. परंतु युनेस्कोने २०१० च्या नोंदीत याच भाषेची गणना गंभीररीत्या संकटात सापडलेल्या भाषांत केली. जे कपाटात ठेवता आले ते राहिले. जे आईने मुलाशी बोलावयाचे होते ते ओसरले. एका माणसाने करण्याजोगे होते ते मिस्त्राल यांनी सारे केले. उरलेले काम घराघरांतले होते, आणि ते कोणत्याही कवीला दुसऱ्याच्या वतीने करता येत नाही.