वाळूतल्या माणसांचा शोध : डॉ. ह. धी. सांकलिया

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. पण ज्यांनी एक अक्षरही लिहून ठेवले नाही, त्यांचा इतिहास कोणी लिहावयाचा? डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांनी या कामासाठी आयुष्य वेचले.

१० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत एका वकिलाच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. प्रकृती इतकी नाजूक, की मूल जगेल अशी आशा नव्हती. शाळकरी वयात लोकमान्य टिळकांचा आर्यांच्या मूलस्थानावरील ग्रंथ त्यांनी गुजराती अनुवादात वाचला आणि आर्यांचा शोध घेण्याचे ठरविले. त्यासाठी ते संस्कृत शिकले. धोबीतलावच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर हेरास यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. पुढे इंग्लंडमध्ये डॉक्टरेट मिळविली, मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली उत्खननाचे धडे घेतले आणि १९३९ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाले.

उत्तर गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात लांघणज हे गाव आहे. तेथील वाळूच्या टेकाडांवर दगडाची इवलीशी पाती सापडत. १९४४ ते १९६३ या काळात सांकलियांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे टप्प्याटप्प्याने उत्खनन केले. वाळूचे थर उतरवताना हरणांची, नीलगाईंची हाडे निघाली, गेंड्याच्या खांद्याचे हाड निघाले, समुद्री शंखांचे मणी निघाले. हातपाय पोटाशी घेऊन पुरलेले मानवी सांगाडेही मिळाले. त्यांचा अभ्यास डॉ. इरावती कर्वे यांनी केला.

एवढ्याशा पुराव्यातून एक जीवन उभे राहिले. ही माणसे शिकारीवर जगत, टेकाडांवर तळ देत आणि पुढे जात. गेंड्याला पाणी व दाट गवत लागते. म्हणजे तेव्हा तेथे आजच्याहून ओलावा असला पाहिजे. समुद्र दूर असूनही शंख पोहोचले, म्हणजे दूरच्या लोकांशी त्यांचा संबंध होता. आणि मृतांना ती तशीच टाकून जात नव्हती.

पुढे नेवासे, जोर्वे, इनामगाव येथील उत्खननांनी महाराष्ट्राचा इतिहास हजारो वर्षे मागे नेला. १९७४ मध्ये सांकलियांना पद्मभूषण मिळाले. २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आर्यांच्या शोधात निघालेल्या या मुलाला वाळूत अनामिक माणसे भेटली. पुरावा जिकडे नेईल तिकडे तो गेला, यातच त्याचे मोठेपण आहे. ज्यांच्या घराण्याची वंशावळ कोठेही लिहिलेली नाही, अशा आमच्यासारख्या विद्यार्थ्यांना हा इतिहास म्हणूनच जवळचा वाटतो.