जोसेफ हेन्री : दूरच्या विजेला हाताशी धरणारा प्राध्यापक

वीज गेली की इन्व्हर्टरमधून टक् असा आवाज येतो. तो आतल्या रिलेचा. रिले म्हणजे असा स्विच, ज्याला माणसाचे बोट लागत नाही. विजेचाच एक किरकोळ प्रवाह तो चालू-बंद करतो. ही युक्ती १८३५ च्या सुमारास अमेरिकेतील प्रिन्स्टनच्या कॉलेजात जोसेफ हेन्री यांनी करून दाखवली. तिचे पेटंट मात्र त्यांनी घेतले नाही.

हेन्री यांचा जन्म १७९७ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी गावचा. वडील मजूर होते आणि लवकर वारले. काही वर्षे मुलगा आजीकडे वाढला, मग घड्याळ दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या हाताखाली उमेदवारीला लागला. त्याला वेड होते नाटकाचे. लहानशा दुखण्याने घरी पडून असताना भाडेकरूचे विज्ञानावरचे पुस्तक हाती आले आणि नाटक मागे पडले. पुढे ऑल्बनी ॲकॅडमीत ते शिकले आणि १८२६ मध्ये तिथेच शिक्षक झाले.

त्या काळी विद्युतचुंबक नवा होता. लोखंडावर उघडी तार विरळ गुंडाळत, कारण वेढे एकमेकांना टेकले तर प्रवाह आडवाटेने जाई. हेन्री यांनी तारेवरच रेशीम चढवले. आता वेढे खेटून, थरावर थर देता येऊ लागले. १८३१ मध्ये येल कॉलेजसाठी केलेल्या त्यांच्या चुंबकाने ९०० किलोहून अधिक वजन उचलले. त्याच सुमारास त्यांनी मैलभराहून लांब तारेतून प्रवाह पाठवून पलीकडच्या टोकाची घंटा वाजवली.

पण तार लांबली की तिचा रोध वाढतो आणि प्रवाह दुबळा होतो. एवढ्या प्रवाहावर घंटा वाजेल, वजन उचलले जाणार नाही. हेन्री यांनी ओळखले, की दुरून आलेल्या प्रवाहाने स्वतः राबायची गरजच नाही. त्याने फक्त दुसऱ्या, जवळच्या बॅटरीची कळ फिरवावी. प्रिन्स्टनच्या वर्गात लांब तारेवरचा नाजूक चुंबक पाऱ्यात बुडालेली एक तार वर उचली. त्यामुळे मोठ्या चुंबकाचा प्रवाह तुटे आणि त्याला लटकलेले वजन धाडकन खाली पडे. विद्यार्थी दचकत असणार!

आजच्या रिलेत पारा नाही, बाकी बेत तोच. कॉइलमधून प्रवाह गेला की लोखंडी गाभा चुंबक होतो, समोरची पट्टी ओढतो आणि संपर्कबिंदू जुळतात. प्रवाह थांबला की स्प्रिंग पट्टीला मागे नेते. कॉइलचे आणि मोटार-दिव्याचे मंडल पूर्ण वेगळे असते. म्हणून बोटाएवढ्या रिलेच्या आधारे काही व्होल्टवर चालणारे यंत्र घरातल्या २३० व्होल्टच्या विजेवर हुकूम चालवते.

सॅम्युएल मोर्स यांच्या तारायंत्रालाही रिले लागलाच. हेन्री यांनी त्यांना मोकळ्या मनाने सल्ला दिला होता. १८४४ मध्ये वॉशिंग्टन ते बाल्टिमोर संदेश गेला आणि नाव झाले मोर्स यांचे. नंतर पेटंटच्या खटल्यांत हेन्री यांना साक्षीला बोलावले गेले. मूळ तत्त्वे मोर्स यांनी शोधलेली नाहीत, असे त्यांनी सांगितले. मोर्स चिडले; १८५५ मध्ये त्यांनी हेन्री खोटे बोलतात असा आरोप करणारे लिखाण छापले. हेन्री तेव्हा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे पहिले सचिव होते. त्यांनी वर्तमानपत्री भांडण टाळून संस्थेच्या नियामक मंडळाकडेच चौकशी मागितली, आणि मंडळाने त्यांच्या बाजूने कौल दिला. शास्त्रज्ञाने पेटंट घेऊ नये हा त्यांचा बाणा मला थोडा भाबडा वाटतो, पण त्यांनी तो बदलला नाही. त्याच तारायंत्रावरून त्यांनी गावोगावच्या हवामानाची खबर मागवून संस्थेच्या दालनात रोजचा नकाशा लावायला सुरुवात केली.

१८७८ मध्ये ते वारले. कॉइलमधला प्रवाह अचानक तोडला की ती विजेची उसळी मारते, ठिणगी उडते, हे त्यांनी १८३२ मध्येच छापून प्रसिद्ध केले होते. या उसळीने नाजूक सर्किट जळू नये म्हणून आज डीसीवर चालणाऱ्या रिलेच्या कॉइलला डायोड जोडतात. कॉइलचा हा गुण ज्या एककात मोजतात, त्याला १८९३ मध्ये हेन्री हे नाव देण्यात आले.