जमीन नासवणारा नांगर?

लोखंडाने जमीन नासते, असे मानणाऱ्या शेतकऱ्याला लोखंडी नांगर विकायचा कसा? लक्ष्मणराव किर्लोस्करांपुढे (१८६९-१९५६) हाच पेच होता.

खरे तर ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. काही रंग नीट ओळखू येत नाहीत, हे कळल्यावर ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिकवू लागले. बढती डावलली गेली, तशी नोकरी सोडून बेळगाव गाठले. तिथे भाऊ रामूअण्णांसोबत सायकलींचे दुकान होतेच.

कडबा कापायच्या यंत्रानंतर नांगर आला. पण तो खपायला तब्बल दोन वर्षे लागली. शेतकऱ्याचा संशय अगदीच अनाठायी नव्हता. लाकडी नांगर गावचा सुतार दुरुस्त करी, लोखंडी मोडला तर?

धंदा बसतो न बसतो तोच बेळगावची जागा सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ आणि दहा हजारांचे कर्ज दिले. निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. वाडीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. रात्रीच्या पहाऱ्यावर तर लक्ष्मणरावांनी तुरुंगातून सुटलेली माणसे नेमली.