वॉल्टर क्रायस्लर : गाडी चालवण्याआधी खोलून पाहणारा कारागीर



रविवारी सकाळी आपल्या बेटावरच्या कोणत्याही वस्तीतून फिरले, की एखाद्या अंगणात जुनी मोटार जॅकवर चढवलेली दिसते. शेजारी पाने, चिंध्या, नव्या ब्रेक पॅडचा खोका आणि चाकापाशी गुडघे टेकून बसलेला घरचा कर्ता माणूस. गॅरेजचा खर्च वाचावा हा एक हेतू, आणि आपली गाडी आपल्याला कळावी हा दुसरा. काही लोक म्हणतात की घरच्या माणसाने ब्रेकच्या वाटेला जाऊच नये. दुसरे म्हणतात, त्यात मोठेसे काय, चार बोल्ट तर काढायचे! आमच्या मते दोन्ही म्हणणी अपुरी आहेत. पण नुसता वाद घालण्यापेक्षा एका अमेरिकन कारागिराचे चरित्र सांगावे असे आम्हांस वाटले. त्यांचे नाव वॉल्टर पर्सी क्रायस्लर. हे नाव गाड्यांवर पुष्कळांनी वाचले असेल, परंतु नावामागचा माणूस थोड्यांनाच ठाऊक असतो.

वॉल्टरचा जन्म २ एप्रिल १८७५ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, वामेगो या गावी झाला. त्याचे बालपण त्याच राज्यातील एलिस या रेल्वेच्या गावात गेले. वडील हेन्री हे आगगाडीचे इंजिन चालवीत. घराजवळच रेल्वेचा कारखाना होता. इंजिनाची शिट्टी, कोळशाचा धूर आणि हातोड्याचे आवाज यांतच हा मुलगा वाढला. आपल्या बेटावरही १८६४ साली आगगाडी सुरू झाली होती आणि पुढे शंभर वर्षांनी तिचे रूळ उखडले गेले. आपल्यापैकी ज्यांच्या आजोबांनी रेल्वेच्या किंवा साखर कारखान्याच्या वर्कशॉपात काम केले, त्यांना हे वातावरण परके वाटणार नाही.

मुलाने कॉलेजात जावे अशी वडिलांची इच्छा होती. मुलाला मात्र यंत्राची ओढ. शिकाऊ म्हणून घ्यायला वडील तयार होईनात, तेव्हा वॉल्टर सतराव्या वर्षाच्या सुमारास त्याच कारखान्यात झाडूवाला म्हणून लागला. मजुरी तासाला दहा सेंट. काही काळाने त्याची चिकाटी पाहून त्याला शिकाऊ म्हणून घेण्यात आले. गंमत अशी की शिकाऊ झाल्यावर मजुरी वाढली नाही, उलट तासाला पाच सेंटवर आली. त्याने ती आनंदाने पत्करली, कारण आता यंत्राला हात लावण्याची परवानगी मिळाली होती.

त्या काळी कारागिराला आपली हत्यारे स्वतःची ठेवावी लागत. विकत घेण्यास पैसे थोडे, म्हणून वॉल्टरने मापे घेण्याची अनेक हत्यारे स्वतःच लोखंड घासून तयार केली. पुढे इंजिनाचा एक छोटेखानी नमुनाही त्याने सुटे भाग घडवून बनवला आणि अंगणात रूळ टाकून चालवून दाखवला. पुस्तकी ज्ञानही त्याने टाकले नाही. पत्राने शिकवणाऱ्या संस्थेचे पाठ मागवून तो रात्री अभ्यास करी आणि शास्त्रविषयक मासिकाला पत्रे लिहून शंका विचारी. हाताचे शिक्षण आणि डोक्याचे शिक्षण ही दोन वेगळी घरे आहेत असे मानणाऱ्या आम्हा शिक्षकांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

शिक्षण पुरे झाल्यावर वॉल्टरने अनेक गावांतील रेल्वे कारखान्यांत काम केले. १९०१ साली एलिस येथील डेला फोर्कर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. एकेक पायरी चढत ते आयोवा राज्यातील ओलवाइन येथे शिकागो ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या सर्व इंजिनांचे मुख्य अधिकारी झाले. पगार महिन्याला साडेतीनशे डॉलर. अशा स्थितीत, १९०८ साली, त्यांच्या हातून एक विलक्षण गोष्ट घडली.

शिकागोच्या मोटार प्रदर्शनात त्यांनी लोकोमोबिल नावाची गाडी पाहिली. पांढऱ्या रंगाची, तांबड्या गाद्यांची. किंमत पाच हजार डॉलर. क्रायस्लर यांच्या गाठीला होते फक्त सातशे. उरलेले ४,३०० त्यांनी बँकेकडून कर्जाऊ घेतले. गाडी मालगाडीने ओलवाइनला आली आणि घोडे जुंपून घराच्या कोठारात ओढून नेली, कारण मालकाला गाडी चालवताच येत नव्हती! शेजाऱ्यांना वाटले, आता उद्या फेरी निघेल. पण क्रायस्लर यांनी गाडी चालवली नाही, ती खोलली. एकेक भाग काढून कागदावर मांडला, पुसला, त्याची आकृती काढली, तो कशासाठी आहे हे समजून घेतले आणि पुन्हा जोडला. असे एकदा नव्हे, अनेकदा केले. तीन महिने गाडी कोठाराबाहेर पडली नाही. घरच्या माणसांनी हे कसे सोसले असेल याची कल्पना आमच्या वाचक भगिनींना सहज येईल.

शेवटी एके दिवशी गाडी बाहेर काढली, आणि पहिल्याच फेरीत ती खड्ड्यात जाऊन शेजाऱ्याच्या बागेत शिरली. पुन्हा घोडे बोलवावे लागले. यंत्र समजणे आणि यंत्र आवरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्यांना त्या दिवशी मिळाला असला पाहिजे.

पुढे काही वर्षांनी पिट्सबर्ग येथे इंजिने बनवणाऱ्या कारखान्याचे व्यवस्थापक असताना त्यांना मोटारीच्या धंद्यातून बोलावणे आले. आहे तेथे राहण्यासाठी वर्षाला बारा हजार डॉलर मिळत असताना सहा हजारांवर त्यांनी फ्लिंट येथील ब्युइक कंपनीची कारखानदारी स्वीकारली. १९१६ साली ते ब्युइकचे अध्यक्ष झाले. १९१९-२० च्या सुमारास तेथून बाहेर पडल्यावर अडचणीत आलेल्या विलिस-ओव्हरलँड कंपनीला सावरण्यासाठी त्यांना वर्षाला दहा लाख डॉलर देण्यात आले. नंतर त्यांनी मॅक्सवेल कंपनी हाती घेतली. झीडर, स्केल्टन आणि ब्रीर या तीन अभियंत्यांच्या साहाय्याने त्यांनी स्वतःच्या नावाची गाडी तयार केली आणि जानेवारी १९२४ मध्ये न्यू यॉर्कच्या कमोडोर हॉटेलात ती लोकांपुढे मांडली.

ही गाडी ६८ अश्वशक्तीची होती आणि ताशी सत्तर मैलांपर्यंत धावे. त्या काळी मध्यम किमतीच्या गाडीला हा वेग मोठाच होता. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. या गाडीच्या चारही चाकांना द्रवाच्या दाबाने चालणारे ब्रेक होते. तोवर बहुतेक गाड्यांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असत आणि ते लोखंडी सळ्या किंवा तारा ओढून लागत. एखादी सळी सैल, एखादी घट्ट, म्हणजे गाडी एका बाजूला ओढली जाई.

द्रवाच्या ब्रेकची कल्पना क्रायस्लर यांची नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ती माल्कम लॉकहीड यांची. विमानांमुळे प्रसिद्ध झालेल्या लॉकहीड बंधूंपैकीच हे एक. १९२१ साली ड्यूसेनबर्ग या महागड्या गाडीवर असे ब्रेक आलेही होते. पण मूळ रचनेत कातडी वायसर होते आणि द्रव पाझरत असे. क्रायस्लर यांच्या अभियंत्यांनी तेथे रबर आणून रचना भरवशाची केली. चार चाकांचे ब्रेक धोक्याचे आहेत असा प्रचार त्या वेळी काही कारखानदार करीत होते. क्रायस्लर यांनी तो मानला नाही. पहिल्या वर्षी सुमारे ३२,००० गाड्या विकल्या गेल्या. ६ जून १९२५ रोजी क्रायस्लर कॉर्पोरेशन स्थापन झाली. १९२८ साली त्यांनी डॉज कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी प्लिमथ ही स्वस्त गाडी काढली. तिलाही पहिल्यापासून हेच ब्रेक होते. शेव्हरोलेने ते १९३६ साली घेतले, फोर्डने १९३९ साली. चांगला ब्रेक हा श्रीमंतांचा दागिना नसून साध्या माणसाची गरज आहे, हे या तारखांवरून स्पष्ट दिसते.

या ब्रेकचे तत्त्व आम्ही शाळेत दोन सिरिंज आणि एक नळी घेऊन मुलांना दाखवतो. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोहोचतो. पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे सतराव्या शतकात मांडले. पेडल दाबले की तोच दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जातो. १९२४ च्या गाडीत तो ड्रमभोवतीचा पट्टा आवळी. १९६० च्या दशकापासून अमेरिकेत डिस्क ब्रेक रूढ होत गेले. त्यांत तोच दाब कॅलिपरमधील पिस्टन पुढे ढकलतो आणि दोन पॅड फिरती डिस्क धरतात. पॅड झिजतो, म्हणून बदलावा लागतो.

आता अंगणातल्या जॅकपाशी पुन्हा येऊ. क्रायस्लर यांची रीत येथे अक्षरशः उपयोगी पडते. पॅड नेहमी एकाच धुऱ्याच्या दोन्ही चाकांचे बदलावेत. पण एका वेळी एकच बाजू खोलावी, म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून डोळ्यांसमोर राहते. गाडी सपाट जागी उभी करून उरलेल्या चाकांना अडसर लावावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर काम करू नये. भक्कम लोखंडी स्टँड द्यावा. काढलेला कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधावा. नवे पॅड जाड असल्याने पिस्टन हळूहळू मागे दाबावा लागतो. त्या वेळी वरच्या डब्यात ब्रेक ऑईल चढते, ते सांडू देऊ नये. काही गाड्यांत मागचा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, फिरवावा लागतो. डिस्कची जाडी मोजावी. ठरलेल्या मापाखाली गेली असेल तर नवे पॅड घालून उपयोग नाही. पॅडच्या तोंडाला तेलाचा किंवा ग्रीसचा हात लागू देऊ नये. जुन्या पॅडांत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून भुकटी फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. बोल्ट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने आवळावेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे: गाडी हलवण्याआधी पेडल अनेकदा दाबून ते कडक झाल्याची खात्री करावी. पिस्टन मागे गेलेला असतो. पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जाते आणि ब्रेक लागतच नाही. क्युरपीपहून पोर्ट लुईकडे उतरणाऱ्या रस्त्यावर ही चूक कळून काय उपयोग? मे २०१३ मध्ये सोरेझ येथे बस उलटून दहा माणसे दगावली, तेव्हा ब्रेकचा प्रश्न साऱ्या देशाच्या तोंडी होता. ब्रेक हा गाडीचा असा भाग आहे की त्याचा हिशोब रस्त्यावरच्या परक्या माणसालाही चुकवावा लागतो. ज्याला कामाची प्रत्येक पायरी का करायची हे सांगता येत नाही, त्याने ते काम जाणत्या मेकॅनिकच्या शेजारी बसून आधी शिकावे. त्यात कमीपणा नाही. क्रायस्लर यांनीही चार वर्षे शिकाऊगिरी केली होती.

त्यांचे सगळेच बेत फळले असे नाही. १९३४ साली काढलेली एअरफ्लो ही वाऱ्याला कमी अडवणारी गाडी लोकांना रुचली नाही. १९३७ साली त्यांच्याच कारखान्यांत कामगार संपावर बसले. ज्याने तासाला पाच सेंटवर शिकाऊगिरी सुरू केली, त्याला मालक म्हणून कामगारांच्या संघटनेशी बोलणी करावी लागली. वैभवाबरोबर हेही येते. त्याच वर्षी त्यांनी आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले आणि त्याच्या नावात स्वतःला कामगारच म्हणवून घेतले. १९३८ साली त्यांना पक्षाघात झाला, त्याच साली डेला वारल्या. १८ ऑगस्ट १९४० रोजी क्रायस्लर यांचे निधन झाले.

न्यू यॉर्कमध्ये १९३० साली त्यांनी स्वतःच्या पैशाने उभी केलेली १,०४६ फूट उंचीची क्रायस्लर इमारत आजही दिमाखाने उभी आहे. ती पूर्ण झाली तेव्हा जगात सर्वांत उंच होती. तिच्या ७१ व्या मजल्यावर, जेथून सारे शहर दिसे, तेथे त्यांनी लोकांना पाहण्यासाठी एक वस्तू मांडली होती : एलिसच्या कारखान्यात स्वतः घडवलेल्या हत्यारांची पेटी. आपल्या मुलांनी अंगणातल्या पान्या-बोल्टांना हात लावला तर त्यांना हाकलू नये. शेजारी बसवावे, एकेक भाग ओळीने मांडायला लावावा आणि प्रत्येकाचे काम विचारावे.