मरायला नकार देणारी पेशी आणि डॉ. सुब्बाराव

मित्रांनो, एक केटी लागली की आपल्या होस्टेलवर जणू सुतक येतं. मग हे ऐका. ज्या माणसाच्या टीमने कॅन्सरवरचं एक पहिलंवहिलं औषध बनवलं, ते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव मॅट्रिक पास झाले ते तिसऱ्या प्रयत्नात!

त्यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ चा, आंध्रातल्या भीमवरमचा. घरी गरिबी. त्यात स्प्रू नावाच्या पोटाच्या आजाराने दोन भाऊ गेले. मद्रास मेडिकल कॉलेजात असताना गांधीजींच्या चळवळीमुळे त्यांनी ऑपरेशनच्या वेळी खादीचा गाऊन घातला. इंग्रज प्रोफेसर नाराज झाले आणि एमबीबीएसऐवजी एलएमएस ही कमी दर्जाची पदवी हातात पडली.

१९२२ मध्ये सासऱ्यांच्या मदतीने ते बोस्टनला पोचले. पोटासाठी रात्री हॉस्पिटलात बेडपॅन धुतले. पुढे हार्वर्डमध्ये फिस्के यांच्याबरोबर रक्तातला फॉस्फरस मोजायची पद्धत शोधली (१९२५), शरीराची ऊर्जा साठवणाऱ्या एटीपीवर काम केलं. तरी तिथे कायमची नोकरी मिळाली नाही. मग १९४० मध्ये लेडर्ले या औषध कंपनीत गेले.

१९४५ मध्ये त्यांच्या टीमने लॅबमध्ये फॉलिक ॲसिड तयार केलं. भावांचा जीव घेणाऱ्या स्प्रूवर तेच उपयोगी पडलं! पण पेशीला नवा डीएनए बनवायलाही फॉलिक ॲसिड लागतं, आणि ल्युकेमियाच्या पेशी तर भराभर वाढतात. म्हणून टीमने त्याची नक्कल बनवली, अमिनोप्टेरिन. म्हणजे कुलपात जाते पण फिरत नाही, अशी किल्ली. डॉ. सिडनी फार्बर यांनी बोस्टनमध्ये ती ल्युकेमियाच्या १६ मुलांना दिली. १० मुलं सुधारली. अंथरुणाला खिळलेली पोरं खेळायला लागली. जून १९४८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पण काही महिन्यांतच आजार परत आला.

असं का झालं? याचं एक महत्त्वाचं उत्तर पुढे मिळालं. केमोथेरपी बऱ्याचदा पेशीला थेट मारत नाही, तिचं नुकसान करते. मग पेशी स्वतःच ठरलेल्या पद्धतीने मरते. याला ॲपॉप्टोसिस म्हणतात (हे नाव १९७२ चं). आपल्या रूमवर हीटरची कॉइल लावली की फ्यूज उडतो ना, तसंच. आणि फ्यूजच्या जागी जाड तार घालणारे महाभाग आपल्याकडे असतातच! काही कॅन्सर पेशी हेच करतात. नुकसान ओळखणारं पी५३ प्रोटीन बिघडवतात, नाहीतर मरण रोखणारं बीसीएल-२ जास्त बनवतात. औषध पोचतं, नुकसान होतं, पण पेशी मरत नाही. शिवाय काही पेशी औषध आतच येऊ देत नाहीत. उरलेल्या अशा पेशी वाढतात आणि आजार पुन्हा डोकं वर काढतो.

सुब्बारावांना यातलं काही कळायला वेळच मिळाला नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, ते झोपेतच गेले. मायदेशी ते परतलेच नाहीत. पत्नी शेषगिरी यांची पुन्हा भेट झाली नाही.

बीसीएल-२ पेशीला जिवंत ठेवतं हे १९८८ मध्ये कळलं. त्यालाच अडवणारं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. आणि अमिनोप्टेरिनचं भावंड मेथोट्रेक्सेट आजही इतर औषधांबरोबर मुलांना देतात. एका औषधातून सुटलेली पेशी दुसऱ्यात सापडावी, हा त्यातला हिशोब. चांगले उपचार मिळाले तर या ल्युकेमियाची बहुतेक मुलं आज बरी होतात.

त्या पहिल्या मुलांना सुब्बारावांचं औषध काही महिनेच देऊ शकलं. पण तेवढ्या महिन्यांनी हा आजार हटू शकतो हे दाखवून दिलं, आणि पुढच्यांनी तिथूनच सुरुवात केली. तेव्हा केटीवाल्यांनो, फॉर्म भरा आणि अभ्यासाला लागा!