जमशेटजी बमनजी वाडिया: हिमसागरात टिकलेल्या तारवांचे कारागीर



आपला नांदेड-लातूरचा मुलूख समुद्रापासून दूर. आपल्यापैकी पुष्कळांनी गोदावरीवरील नावेपेक्षा मोठे तारू पाहिलेही नसेल. पण सागाचे लाकूड कोणाला ठाऊक नाही? किनवटच्या रानातला साग घराच्या तुळईला व दाराच्या चौकटीला लागला म्हणजे तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, हे लहान मूलही जाणते. ह्याच जातीच्या, मलबारकडून आणलेल्या सागाची जहाजे मुंबईच्या एका सुताराने बांधिली, आणि ती उत्तरेकडील गोठलेल्या समुद्रात पहाऱ्यावर असता टिकून राहिली. त्या सुताराचे नाव जमशेटजी बमनजी वाडिया. त्यांचे चरित्र आज सादर करीत आहो.

वाडिया हे पारशी घराणे मूळचे सुरतेचे. १७३६ साली जमशेटजींचे आजे लवजी नसरवानजी काही सुतारांसह मुंबईस आले व कंपनी सरकारच्या गोदीत काम करू लागले. मुंबईच्या कोरड्या गोदीची उभारणी त्यांच्याच काळात, १७५० च्या सुमारास झाली. १७७४ साली लवजी वारले. त्यांनी मागे ठेविलेले धन मोठे नव्हते, परंतु विद्या मोठी होती. नातू म्हणून जमशेटजींस गादीवर कोणी बसविले नाही. चुलतभाऊ फ्रामजी माणेकजी यांच्यासह त्यांनी दरमहा सुमारे बारा रुपयांवर साध्या सुताराचे काम केले. वाकस व करवत हाती धरून, लाकडाची नस ओळखीत ते वाढले. पुढे १७९२ च्या सुमारास मुख्य बांधणीकाराची जबाबदारी ह्या दोघा भावांवर आली, आणि १८०४ साली फ्रामजी निवर्तल्यावर तिचा मोठा भार जमशेटजींच्याच खांद्यावर राहिला.

त्या काळी गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मनात हिंदी कारागिराविषयी तुच्छता पुष्कळ होती. काळ्या माणसाने बांधिलेल्या जहाजावर आरमाराने भरवसा कसा ठेवावा, असे त्यांस वाटे. १८०० साली जमशेटजींनी कॉर्नवॉलिस नावाचे लढाऊ जहाज पुरे केले. त्याविषयी एक गोष्ट परंपरेने सांगतात. जहाजाच्या आत, जेथे कोणाची दृष्टी जाणार नाही अशा तळाच्या तुळईवर, त्यांनी थोडके शब्द कोरून ठेविले. ज्या शिवीने काळ्या माणसास हिणवीत तीच शिवी स्वतःस लावून, हे जहाज अशाच एकाने १८०० साली बांधिले, अशी ती नोंद होती. पुष्कळ वर्षांनी जहाज दुरुस्तीस परत आले, तेव्हा त्यांनी ती नोंद अधिकाऱ्यांस दाखविली, असे म्हणतात. अपमानास त्यांनी शिवीने उत्तर दिले नाही. वर्षानुवर्षे न गळणाऱ्या जहाजाने दिले.

खरी कसोटी पुढेच होती. १८०५ साली त्यांनी इंग्रजी आरमारासाठी एक मोठे फ्रिगेट पाण्यात उतरविले. मुंबईजवळच्या साष्टी बेटावरून त्याला पुढे ‘साल्सेट’ हे नाव मिळाले. १८०८ च्या डिसेंबरात हे जहाज बाल्टिक समुद्रात होते. बारा व्यापारी जहाजांना सांभाळून स्वीडनच्या किनाऱ्यावरून बाहेर काढणे हे त्याचे काम. तो समुद्र ध्रुवाजवळचा नव्हे, तथापि हिवाळ्यात तो गोठतो. वादळ उठले, पाण्याचे बर्फ झाले, आणि अडकित्त्यात सुपारी सापडावी तशी जहाजे बर्फात सापडली. सोबतची मॅग्नेट व फामा ही आरमारी जहाजे फुटली. व्यापारी जहाजे नाश पावली किंवा शत्रूच्या हाती गेली. साल्सेट मात्र कित्येक आठवडे बर्फात दाबले जाऊनही भंगले नाही. वितळण सुरू झाल्यावर ते सुखरूप परतले. पुढे १८७४ साली मोडीत निघेपर्यंत त्याचे आयुष्य सुमारे सत्तर वर्षांचे झाले.

हे कसे घडले? इंग्लंडातील जहाजे ओक लाकडाची असत. ओकातील आम्लाने लोखंडी खिळा गंजतो, आणि खिळा गंजला म्हणजे फळी सुटते. सागात जे तेल असते ते खिळ्यास राखते, आणि लाकडास कीड व कुज सहसा लागू देत नाही. शिवाय वाडियांचे सुतार एका फळीची कड दुसरीच्या खाचेत बसवीत व मध्ये राळेचे लुकण भरीत. त्यामुळे साऱ्या फळ्या एकजीव होत. बर्फाचा दाब एका ठिकाणी न राहता सर्व अंगावर वाटला जाई. लुकणाखालचा सांधा एकदा झाकला म्हणजे मालकास दिसत नाही. तो नीट बसविला की नाही, हे फक्त सुतार जाणतो आणि देव जाणतो.

१८१० साली जमशेटजींनी मिंडेन हे ७४ तोफांचे जहाज सिद्ध केले. एवढ्या मोठ्या वर्गाचे जहाज इंग्रजी आरमाराने ब्रिटनबाहेर बांधून घेतले ते हे पहिलेच. जमशेटजींच्या चित्रात त्यांच्या कमरबंदात चांदीची मोजपट्टी खोविलेली दिसते. त्या काळी अशी पट्टी गुणी बांधणीकारास सन्मान म्हणून मिळत असे. मग १८१७ च्या ऑक्टोबरात त्रिंकोमाली पाण्यात उतरली. ह्या जहाजाने पुढे वेस्ट इंडीजकडे गुलामांचा व्यापार रोखणाऱ्या पहाऱ्यात भाग घेतला. १८४९ साली ते न्यूफाउंडलंड व लाब्राडोर ह्या थंड किनाऱ्यांकडे गेले. लाब्राडोरात मोरेव्हियन मिशनरी १७७१ पासून इन्युइट लोकांत सुवार्तेची सेवा करीत आले होते. पुढे १८५२ ते १८५७ ह्या पॅसिफिकच्या सफरीत त्रिंकोमालीस बेरिंगच्या सामुद्रधुनीकडे धाडण्यात आले. सर जॉन फ्रँकलिन १८४५ साली उत्तर ध्रुवप्रदेशात गेले होते व परतले नव्हते. त्यांच्या शोधासाठी जी माणसे त्या हिमप्रदेशात थांबली होती, त्यांस अन्नसामग्री पोहोचविणे हे तिचे काम होते.

तोफांचा गौरव करावा हा आमचा हेतू नव्हे. गोठलेल्या समुद्रावर पहारेकरी जहाजाचे खरे काम लढाईपेक्षा राखणीचे असते. कोळ्यांची व व्यापाऱ्यांची जहाजे सांभाळणे, हरवलेल्यांस शोधणे, उपाशी माणसांस शिधा नेणे, आणि आपल्या देशाची हद्द राखणे ही त्याची कामे आजही तीच आहेत. साधने मात्र पालटली. २०२१ साली कॅनडाच्या आरमारात दाखल झालेले हॅरी डिवुल्फ हे गस्तीचे जहाज पोलादी असून सुमारे एक मीटर जाड बर्फ फोडीत जाते. हेलिकॉप्टर उतरविण्यास त्यावर जागा आहे. शीड गेले, लाकूड गेले. परंतु सांधा पक्का असला पाहिजे हा नियम गेला नाही.

जमशेटजी १८२१ साली मरण पावले. त्रिंकोमाली कोणत्या समुद्रात जाईल हे त्यांस कळले नाही, आणि साल्सेट ज्या बर्फात अडकले तो त्यांनी कधी पाहिला नाही. परंतु त्रिंकोमाली इंग्लंडात हार्टलपूल बंदरी आजही तरंगत आहे, आणि तिच्या अंगातला पुष्कळसा साग अद्याप मुंबईहून गेलेलाच आहे.

कोणी विचारील, पारशी गृहस्थाचे चरित्र ह्या पत्रात कशाला? शलमोनाने मंदिर बांधिले तेव्हा सोरच्या हिरामाने लबानोनाचे गंधसरू व कारागीर धाडिले, हे शास्त्र आपणांस शिकविते. बसालेलाच्या हातचे कसबही देवाच्या आत्म्याचेच दान होते. ज्या हातांस जग हलके म्हणते त्यांतही देव असे दान ठेवितो. गावकुसाबाहेर ज्यांचे वाडवडील राहिले त्या आपल्या बांधवांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. आणि खेड्यापाड्यांत शिकविणाऱ्या कॅटेकिस्ट बंधूंनो, तुमचे काम तरी निराळे काय आहे? रात्रीच्या दिव्याशी एका मुलास अक्षरे शिकविणे, एका कुटुंबास प्रार्थनेची सवय लावणे, हे लुकणाखालचे सांधे आहेत. आज ते कोणी पाहात नाही. संकटाचा हिवाळा ज्या दिवशी येईल, त्या दिवशी ते दिसतील. तोवर प्रत्येक फळी नीट बसविणे एवढेच आपल्या हाती आहे, आणि तेवढे प्रभूने आपल्यापाशी मागितले आहे.